दक्षिण आफ्रिकेतील कौटुंबिक शिकारयात्रा : बैलगाड्यांच्या तांड्यापासून सफारीपर्यंत

१

‘सफारी’ हा शब्द इंग्रजीच्या वाटेने मराठीत आला असला, तरी त्याचे मूळ मराठीला अपरिचित नाही. अरबीतील ‘सफर’ म्हणजे प्रवास. हा शब्द फारसीच्या द्वारे मराठीत जसाच्या तसा रूढ झाला, आणि हिंदी महासागराच्या पश्चिम तीरावर स्वाहिली भाषेत त्याचे ‘सफारी’ असे रूप झाले. स्वाहिलीत त्याचा अर्थ प्रवास एवढाच आहे; त्यात शिकारीचा गंधही नाही. ओझेकऱ्यांचे काफिले किनाऱ्यावरून अंतर्भागात जात, त्या प्रवासाला हे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय प्रवाशांनी ते उचलले. पुढे अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९-१० मध्ये आपला एकोणीस वर्षांचा मुलगा कर्मिट यास बरोबर घेऊन पूर्व आफ्रिकेत जी मोहीम केली, तिच्यामुळे हा शब्द जगभर गाजला. या पितापुत्रांनी मिळून ५१२ जनावरे टिपली. तेव्हापासून सफारी म्हणजे शिकारीचा प्रवास हे समीकरण इंग्रजीत पक्के झाले.

झांबेझी नदीच्या दक्षिणेस, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना आणि झिंबाब्वे या देशांच्या भूमीवर, हा शब्द उशिरा पोहोचला. तेथे आधीपासून डच वसाहतकारांची स्वतःची परिभाषा होती. शिकार म्हणजे ‘याख’, जनावराचा माग म्हणजे ‘स्पूर’ आणि प्रवास म्हणजे ‘ट्रेक’. ‘ट्रेक’ या शब्दाचा धात्वर्थ ओढणे असा आहे. बैलांनी गाडी ओढावी, तोच प्रवास. या शब्दांमागे एक संपूर्ण जीवनपद्धती होती आणि तिच्या केंद्रस्थानी कुटुंब होते. आज या प्रदेशात परदेशी पाहुणे बायकामुलांसह शिकारीस येतात, तेव्हा त्या यात्रेचे वर्णन जुन्या परंपरेचे पुनरुज्जीवन असे केले जाते. हे वर्णन अर्धेच खरे आहे. शिकारीस निघालेले कुटुंब हा या इतिहासातील स्थिर घटक होय; जनावरावर मालकी कोणाची, ही कल्पना मात्र तीनदा पालटली. त्या पालटांचा हिशेब मांडल्याखेरीज या यात्रेचा अर्थ लागत नाही.

२

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केप येथे ठाणे वसविले. अठराव्या शतकात तेथील गुराखी-शेतकरी नव्या चराऊ कुरणांच्या शोधात अंतर्भागात सरकू लागले. त्यांचे घर म्हणजे बारा ते सोळा बैलांची लांबलचक गाडी. तीत दारूगोळा, पीठ, कॉफी, बायबल आणि मुले असत. रात्री झोपण्यासाठी लाकडी चौकटीवर कातडी वादीने विणलेली बाज असे. तिला ते ‘काटेल’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीजांच्या द्वारे तमिळ-मल्याळम ‘कट्टिल’ या शब्दावरून आला आहे, आणि संस्कृत ‘खट्वा’ व तीपासून झालेली मराठी ‘खाट’ यांचे नातेही अनेक अभ्यासक तेथेच जोडतात. आफ्रिकेच्या माळरानावर शिकाऱ्याचे मूल ज्या अंथरुणावर निजत असे, त्याचे नाव भारताच्या किनाऱ्यावरून गेले होते.

या कुटुंबात शिकार हा स्वतंत्र उद्योग नव्हता. तो गृहव्यवस्थेचा भाग होता. आपली गुरे मारून खाणे म्हणजे भांडवल मोडणे. म्हणून रोजचे मांस रानातून येई. मोठे हरिण पडले की सारे घर कामास लागे. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून त्या वाळविल्या जात. या पट्ट्या म्हणजे ‘बिलटाँग’. ‘बिल’ म्हणजे जनावराचा पुठ्ठा आणि ‘टाँग’ म्हणजे जीभ. जिभेच्या आकाराचा पुठ्ठ्याचा तुकडा, असे हे साधे वर्णनात्मक नाव आहे. चरबीचा साबण आणि मेणबत्त्या होत, कातड्याच्या वाद्या, जोडे आणि चाबूक होत. बायका शिसे वितळवून गोळ्या ओतीत. मुलगा बंदुकीचे वजन पेलू लागला की त्याला मोजकी दारू आणि मोजक्या गोळ्या मिळत. फुकट गेलेल्या प्रत्येक बाराचा हिशेब द्यावा लागे. शिकारीचे शिक्षण म्हणजे काटकसरीचे शिक्षण होते.

प्राण्यांच्या नावांतही हा घरगुती दृष्टिकोन उमटला आहे. वसाहतकारांनी ओळखीच्या नावांनी अनोळखी जनावरे हाकारली. उत्तर युरोपातील मोठ्या सांबराचे ‘ईलंड’ हे नाव आफ्रिकेच्या सर्वांत मोठ्या हरिणास मिळाले. पाणघोडा ‘समुद्रगाय’ झाला, जिराफ ‘उंटघोडा’ झाला, ‘विल्डेबीस्ट’ म्हणजे रानबैल झाला. आपल्याकडे हरिणकुळातील एका प्राण्यास ‘नीलगाय’ म्हटले जाते, तोच हा प्रकार. परंतु दुसरा एक थरही आहे. ‘क्वागा’, ‘कुडू’ आणि ‘नू’ ही नावे खोईखोई व सान लोकांच्या भाषांतून आली. ‘इंपाला’ झुलू भाषेतून आणि ‘त्सेत्सी’ हे माशीचे नाव त्स्वाना भाषेतून. ज्यांच्या तोंडून हे शब्द घेतले, ते लोक या रानात आधीपासून शिकार करीत होते, ही गोष्ट शब्दकोशाने जपून ठेवली आहे.

३

रान आधीपासून कोणाचे तरी होते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मुंबई इलाख्यातील एका लष्करी अधिकाऱ्याच्या प्रवासातून मिळतो. विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस हा मुंबई इंजिनिअर्स या पलटणीतील कप्तान प्रकृतिस्वास्थ्यासाठी रजा घेऊन १८३६ मध्ये केपला गेला. मुंबईच्या मुलकी सेवेतील विल्यम रिचर्डसन त्याच्या सोबत होता. कुरुमान येथे मिशनरी रॉबर्ट मॉफट यांस भेटून ते उत्तरेस न्डेबेले राजा म्झिलिकाझी याच्या मुलखात गेले. राजाला भेटवस्तू देऊन त्यांनी शिकारीची परवानगी मिळविली, आणि त्यानंतरच मगालिसबर्ग पर्वताच्या परिसरात त्यांच्या बंदुका वाजल्या. तेथे हॅरिसला तलवारीसारख्या मागे वळलेल्या शिंगांचे काळे हरिण आढळले. युरोपीय प्राणिशास्त्राला ते तोवर अज्ञात होते, आणि पुढे बराच काळ ते हॅरिसच्याच नावाने ओळखले गेले.

या प्रवासाचा वृत्तांत १८३८ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये छापला गेला. आरंभीच्या मराठी मुद्रणाशी निकट संबंध असलेला हाच तो छापखाना. लंडनची आवृत्ती दुसऱ्या वर्षी निघाली. हॅरिस १८४८ मध्ये पुण्याजवळ तापाने मरण पावला. दक्षिण आफ्रिकेतील हौशी शिकारीच्या वाङ्मयाचा आरंभ या ग्रंथापासून मानला जातो. हॅरिसला मांस किंवा हस्तिदंत विकायचे नव्हते. त्याला शिंगे, चित्रे आणि वर्णन हवे होते. तांड्यातील कुटुंब जे खाण्यासाठी मारीत होते, ते येथे स्मरणासाठी मारले जाऊ लागले. तरीही परवानगी राजाचीच लागली, हे विसरता येत नाही.

पुढील चाळीस वर्षे हीच स्थिती होती. म्झिलिकाझी आणि त्याच्यानंतर लोबेंगुला यांच्या सरहद्दीवर शिकारी तांडे थांबत, निरोप पाठवीत आणि राजाने ‘वाट दिली’ म्हणजे पुढे जात. फ्रेडरिक सिलूस यासही १८७२ मध्ये लोबेंगुलाच्या अनुमतीनेच हत्तीच्या शिकारीस जाता आले. या भूभागातील अनेक समाजांत असा दंडक होता की, हत्ती पडल्यावर त्याचा जो सुळा जमिनीस टेकला असेल तो त्या भूमीच्या अधिपतीचा. हा ‘भूमीचा दात’ म्हणजे एक प्रकारचा सारा होता. तो मागणाऱ्याजवळ लेखी कायदा नव्हता, पण हक्काची कल्पना अत्यंत निश्चित होती.

४

हस्तिदंताच्या व्यापाराने बोअर आणि इंग्रज कुटुंबांच्या शिकारीचे रूप बदलले. हेन्री हार्टली हा लहानपणी आईबापांबरोबर केप वसाहतीत आलेला इंग्रज मगालिसबर्ग भागात शेती करी आणि कोरड्या ऋतूत आपल्या मुलांसह हत्तींच्या मागावर उत्तरेस जाई. त्याला रानात जुन्या सोन्याच्या खाणींच्या खुणा दिसल्या. त्याच्याबरोबर गेलेल्या कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने १८६७ मध्ये ही वार्ता जाहीर केली, आणि शिकाऱ्यांची वाट खाणवाल्यांची झाली. हार्टलीच्या नावाने वसलेल्या झिंबाब्वेतील गावाचे नाव १९८२ मध्ये चेगुटू असे झाले. यान विल्यून हा मारिको भागातील बोअर शिकारीही अशाच तांड्यांसाठी प्रसिद्ध होता.

या तांड्यांची रचना ठरविली ती एका माशीने. त्सेत्सी माशीच्या पट्ट्यात घोडा किंवा बैल जगत नसे. म्हणून गाड्या निरोगी माळाच्या कडेला उभ्या राहत. तेथे बायका आणि मुले महिनोन्महिने मुक्काम करीत, आणि पुरुष पायी आत जात. पुढे पुढे पुरुषही गेले नाहीत. झाउटपान्सबर्ग भागात १८४८ मध्ये वसलेले स्कूमान्सडाल हे गाव हस्तिदंतावर जगत होते, पण माशीच्या रानात हत्ती मारण्याचे काम बहुतांशी आफ्रिकी बंदूकधाऱ्यांनी केले. त्यांना ‘काळे नेमबाज’ अशी संज्ञा होती. बंदूक आणि दारू गोऱ्या मालकाची, नेम आणि माग त्यांचा. माग काढणारे, ओझी वाहणारे, कातडी सोलणारे, बैलांपुढे चालणारी पोरे, अशी सगळी मिळून दुसरी कुटुंबे या उद्योगात गुंतली होती. तथापि शिकारवृत्तांतांत त्यांचा उल्लेख बहुधा अनामिकच असतो. बंदुका हाती राहिलेल्या या नेमबाजांचा मालकांशी संघर्ष झाला, व्हेंडा लोकांशी युद्ध पेटले आणि १८६७ मध्ये स्कूमान्सडाल ओस पडले.

याच सुमारास शिकार हा सोहळाही बनला. व्हिक्टोरिया राणीचा सोळा वर्षांचा पुत्र आल्फ्रेड याच्या सन्मानार्थ २४ ऑगस्ट १८६० रोजी ब्लूमफाँटेनजवळ बेन्सव्ले येथे प्रचंड हाका झाला. बरोलाँग लोकांनी हजारो जनावरे हाकून एका माळावर आणली आणि पाहुण्यांनी ती मारली. खाण्यासाठी मारणे, विकण्यासाठी मारणे आणि पाहण्यासाठी मारणे, हे तिन्ही प्रकार एकाच पिढीत एकत्र आले.

५

परिणाम लवकरच दिसला. केपमधील निळसर हरिण, ‘ब्लाउबोक’, १८०० च्या सुमारास नष्ट झाले होते. शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी अॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ‘बाँटेबोक’ हे हरिण वाचले, ते ब्रेडास्डॉर्पजवळील एका शेतकरी कुटुंबाने १८३७ मध्ये आपल्या जमिनीवर कळप राखला म्हणून. १९३१ मध्ये त्याच्यासाठी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा तेथे अवघी सतरा जनावरे होती. पुढे आलेल्या रोगाने राहिलेले काम केले. १८९६-९७ मधील बुळकांड्या रोगाने गुरे आणि रानम्हशी, कुडू, ईलंड यांचे कळप झपाट्याने मेले. ज्या बैलांनी तांडे ओढले होते तेच उरले नाहीत. त्याच काळात लोहमार्ग अंतर्भागात पोहोचले. कुटुंबाचा शिकारी तांडा येथे संपला.

आता संरक्षणाचे कायदे आले. केपमध्ये १८२२ पासूनच शिकारीचे बंद हंगाम होते. शतकाच्या अखेरीस परवाने, राखीव जनावरे आणि राखीव जंगले यांची व्यवस्था झाली. झुलूलँडमध्ये १८९५ मध्ये आणि ट्रान्सवालमध्ये साबी येथे १८९८ मध्ये अभयारण्ये जाहीर झाली. साबीचेच पुढे, १९२६ मध्ये, क्रूगर राष्ट्रीय उद्यान झाले. या व्यवस्थेची एक दुसरी बाजू आहे. फासे, खड्डे, जाळी आणि कुत्रे ही आफ्रिकी शिकाऱ्यांची साधने क्रूर म्हणून निषिद्ध ठरली. केप वसाहतीच्या १८७८ च्या कायद्याने आफ्रिकी लोकांच्या बंदुका काढून घेण्याची तरतूद झाली, आणि तिच्यामुळे बासुटोलँडमध्ये १८८०-८१ चे ‘बंदुकांचे युद्ध’ झाले. परवान्याचे पैसे भरून बंदुकीने मारणारा तो क्रीडाप्रेमी, आणि घरच्या भांड्यासाठी फासा लावणारा तो चोर, असा भेद रूढ झाला. आफ्रिकान्स भाषेत अशा माणसाला ‘विल्डदीफ’ म्हणतात. ‘विल्ड’ म्हणजे रानातील जनावर आणि ‘दीफ’ म्हणजे चोर.

चोरी होण्यासाठी मालक असावा लागतो. रोमन-डच कायद्यानुसार तर रानातील जनावर अस्वामिक होते. जो धरील त्याचे. या विसंगतीचे चिन्ह एका स्थलनामात शिल्लक आहे. साबी अभयारण्याचा पहिला अधिकारी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९०२ मध्ये रुजू झाला. त्याने शिकार थांबविली आणि तेथे राहणाऱ्या वस्त्याही हलविल्या. स्थानिक त्सोंगा भाषकांनी त्याला ‘स्कुकुझा’ म्हणजे झाडून काढणारा असे नाव दिले. उद्यानाच्या मुख्य मुक्कामाला आज तेच नाव आहे. पर्यटक ते गौरवपर समजून उच्चारतात. ज्यांनी ते ठेवले त्यांची घरे त्या झाडूखाली गेली होती. उद्यानाच्या उत्तर टोकाच्या माकुलेके लोकांना १९६९ मध्ये हलविण्यात आले. त्यांची जमीन १९९८ मध्ये त्यांना परत मिळाली.

६

मालकीचा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या रीतीने सोडविला गेला. नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, १९६७ च्या आणि ऱ्होडेशियात १९७५ च्या कायद्याने खाजगी जमीनधारकास आपल्या जमिनीवरील वन्य जनावरांचा उपयोग करण्याचा हक्क मिळाला. दक्षिण आफ्रिकेच्या १९९१ च्या कायद्याने, पुरेशा कुंपणाने वेढलेल्या जमिनीवरचे जनावर निसटून बाहेर गेले तरी मालकाचेच राहील, असे ठरविले. या कायद्याच्या नावातच ‘चोरी’ हा शब्द आहे. राजाचे जनावर कोणाचेच नाही असे झाले होते; कोणाचेच नसलेले आता कुंपणवाल्याचे झाले. याचा लाभ जनावरांनाही झाला, हे मान्य केले पाहिजे. ज्या शेतांवर गुरे होती तेथे पुन्हा हरिणे आली. दक्षिण आफ्रिकेत आज अशी सुमारे नऊ हजार वन्यपशुशेते आहेत.

आजची कौटुंबिक सफारी बहुधा याच शेतांवर घडते. हंगाम प्रामुख्याने मे ते ऑगस्ट. या हिवाळ्यात गवत विरळ असते, जनावरे पाणवठ्याशी येतात, आणि उत्तर गोलार्धातील शाळांना सुट्टी असते. येणारी कुटुंबे मोठ्या संख्येने अमेरिकेची असतात. परदेशी पाहुण्याबरोबर परवानाधारक व्यावसायिक शिकारी असणे कायद्याने आवश्यक आहे. शिकार करणाऱ्याचा दर निराळा, सोबत केवळ पाहणाऱ्या नातलगाचा दर कमी, आणि प्रत्येक जनावराची किंमत आधीच छापलेली. मुलाचे पहिले जनावर बहुधा इंपाला असते. शिंगे आणि कातडे पेंढा भरणाऱ्याकडे जातात. मांस शेतावर, मजुरांत किंवा बाजारात जाते.

‘ट्रॉफी’ हा शब्द ग्रीक आहे. शत्रूने जेथे पाठ फिरविली तेथे उभारलेले विजयचिन्ह, हा त्याचा मूळ अर्थ. तांड्यातील मुलाने आणलेले जनावर ‘बिलटाँग’ होई. पाहुण्या मुलाचे जनावर ‘ट्रॉफी’ होते. एक शब्द तोंडासाठी आहे, दुसरा भिंतीसाठी. विशेष हे की जुना शब्द मेलेला नाही. स्थानिक आफ्रिकान्सभाषक कुटुंबे अजूनही दर हिवाळ्यात वर्षाचे मांस वाळविण्यासाठी शिकारीस जातात, आणि त्यांना ‘बिलटाँग-शिकारी’ असेच म्हणतात. मराठीत मृगया, शिकार आणि पारध हे शब्द जसे समाजाच्या निरनिराळ्या थरांची छाया घेऊन वावरतात, तसाच हा भेद होय.

७

या यात्रेत तिसरे एक कुटुंब नेहमी असते. ते माग काढणाऱ्याचे. कोरड्या वाळूवरील पुसट खूर ओळखणारा माणूस नसेल तर पाहुण्याच्या बंदुकीचा उपयोग नाही. नामिबिया आणि बोट्स्वाना येथे हे काम पुष्कळदा सान लोकांकडे असते. ज्या विद्येसाठी त्यांना मजुरी मिळते, तीच विद्या त्यांनी स्वतःच्या मुलांसाठी वापरली तर अनेक ठिकाणी तो अपराध ठरतो. बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये मध्य कालाहारी अभयारण्यातून हलविलेल्या सान लोकांच्या दाव्यात, त्यांना शिकारीचे परवाने नाकारणे बेकायदेशीर असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर जानेवारी २०१४ पासून त्या देशाने शिकारबंदी लागू केली. तीतून खाजगी पशुशेते वगळलेली होती. म्हणजे कुंपणाच्या आत पैसे देणाऱ्या पाहुण्याला मुभा राहिली आणि कुंपणाबाहेरच्या सान माणसाला ती राहिली नाही. ही बंदी २०१९ मध्ये उठली.

दुसरा मार्ग नामिबियाने दाखविला. १९९६ च्या कायदादुरुस्तीने सामूहिक जमिनीवरील लोकांनाही वन्यपशूंचे हक्क मिळू शकले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या संस्थांत न्याए न्याए ही जुहोआन सान लोकांची होती. तेथे पाहुण्याच्या शिकारीचे शुल्क आणि मांस रहिवाशांत वाटले जाते, आणि रहिवासी स्वतः धनुष्यबाणाने शिकार करू शकतात. झिंबाब्वेतही १९८९ पासून ग्रामीण जिल्ह्यांना असा वाटा देण्याचा प्रयोग झाला. या योजनांत दोष आहेत, वाटणीचे तंटे आहेत. तथापि ‘भूमीचा दात’ ज्या तत्त्वावर मागितला जात होता, ते तत्त्व, म्हणजे पाहुण्याने मारलेल्या जनावरात त्या भूमीवर राहणाऱ्याचा वाटा असतो हे, या योजनांत पुन्हा मान्य झाले आहे.

तात्पर्य, दक्षिण आफ्रिकेतील कौटुंबिक शिकारयात्रेचा इतिहास केवळ गाडीतील किंवा मोटारीतील कुटुंबाचा इतिहास म्हणून लिहिता येत नाही. बापाने मुलाला नेम शिकविला, ही तिची सांगितली जाणारी बाजू आहे. त्याच रानात दुसऱ्या एका बापाने मुलाला माग शिकविला, आणि कायद्याने एकाच्या मुलास शिकारी व दुसऱ्याच्या मुलास चोर ठरविले, ही तिची न सांगितलेली बाजू. शब्दांचा इतिहास या दुसऱ्या बाजूची साक्ष देतो. कुडू आणि इंपाला ही नावे आजही त्याच लोकांची आहेत. जनावरे मात्र फार थोड्या ठिकाणी त्यांची उरली आहेत.